आदेशानुसार केले, मत भिन्न

हेडक्लार्कांनी एकतीस वर्षांच्या नोकरीत कुणालाही तोंडावर ‘नाही’ म्हटलं नव्हतं. म्हणायची इच्छा रोज व्हायची, कधीकधी दिवसातून अकरा वेळा व्हायची. पण शब्द घशापर्यंत यायचा, तिथे जरा घुटमळायचा आणि बाहेर पडताना त्याचा ‘होईल साहेब’ झालेला असायचा. नोंदणी कार्यालयात त्यांना माघारी ‘होयबा’ म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं. ते त्यांना मुळीच पसंत नव्हतं, पण तसं सांगायचं म्हणजे पुन्हा ‘नाही’ म्हणणं आलं.

मात्र म्हणून त्यांना कुणी मेषपात्र समजू नये. त्यांचं बंड कागदावर चाले. साहेबांचा हुकूम पटला नाही की ते तो तंतोतंत पाळत आणि फाइलच्या समासात बारीक अक्षरात लिहीत, ‘आदेशानुसार केले. मत भिन्न.’ खाली सही, तारीख. एवढं लिहिलं की त्यांना दुपारचा डबा पचायचा. समास वाचायची पद्धत कुठल्याच कार्यालयात नसल्यामुळे या बंडाचा सुगावा आजवर कुणाला लागला नव्हता.

बावीस वर्षांपूर्वी त्यांना समासाहूनही सुरक्षित जागा सापडली. त्या काळी जन्माचे, मृत्यूचे आणि लग्नाचे दाखले घ्यायला येणाऱ्यांची खिडक्यांवर नुसती झोंबाझोंबी चाले. एक नवपरिणीत जोडपं तर मृत्यूच्या रांगेत दोन तास हातात हात घालून उभं होतं. ते बघवेना, म्हणून हेडक्लार्कांनी (तेव्हा ते नुसते क्लार्क होते) ग्रंथालयातून एक जाडजूड पुस्तक आणलं, सहा महिने आपले रविवार खर्ची घातले आणि टोकनचा प्रोग्राम स्वतः लिहिला. भिंतीवरच्या पाटीवर लाल आकडा उमटे, घंटा वाजे, माणूस उठून खिडकीकडे जाई. तो प्रोग्राम आजतागायत चालू होता.

तर या प्रोग्रामच्या भाषेत एक सोय होती. ओळीच्या आधी ठरावीक खूण केली की ती ओळ यंत्र वाचत नसे. पुस्तकात लिहिलं होतं की अशा ओळी पुढे प्रोग्राम वाचणाऱ्या माणसांसाठी असतात. पण प्रोग्राम कोण माणूस वाचायला बसणार? हेडक्लार्कांचे डोळे चमकले. यंत्र वाचणार नाही आणि माणूस उघडणार नाही, अशी जागा सरकारने त्यांना टेबलासकट दिली होती. त्यांनी तिथे मन मोकळं करायला जी सुरुवात केली, ती बावीस वर्षं थांबली नाही.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग एका शनिवारी साहेबांनी त्यांना आत बोलावलं.

“हेडक्लार्क, शुक्रवारी मुख्यालयातल्या मॅडम येतायत. नव्या टोकनयंत्राचं प्रात्यक्षिक आहे. तुमचं ते जुनंपुराणंही दाखवून टाका, उगाच कुणी म्हणायला नको की संधी दिली नाही. मॅडमचं म्हणणं एकच आहे. म्हातारी माणसं, गरोदर बायका, अपंग यांना आधी बोलवायचं. जमेल?”

“होईल साहेब.”

“नाही जमलं तरी बिघडत नाही हो. नवीन यंत्र येणारच आहे. तुमचं शनिवारी काढून टाकू.”

‘काढून टाकू’ हे साहेब इतक्या सहज म्हणाले, की जणू भिंतीवरचं जुनं कॅलेंडर आहे. हेडक्लार्कांना निवृत्तीला तीन महिने उरले होते. एकतीस वर्षांत त्यांनी हजारो कागद पुढे पाठवले होते; पण स्वतः, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, त्यांनी जगात एकच वस्तू बनवली होती. आपण जाऊ त्या दिवशी पाटीवरचा लाल आकडा तरी आपला असावा, एवढीच त्यांची इच्छा होती. घरी येऊन त्यांनी प्रोग्राम उघडला आणि त्यांना घाम फुटला. स्वतः लिहिलेल्यातलं त्यांना ओ की ठो कळेना.

रविवारी सकाळी लेकीला फोन लावला. ती दूर, सासरी, आणि याच धंद्यातली. तिने तिकडून फोनवर सूचना देत हेडक्लार्कांच्या लॅपटॉपवर एक मदतनीस बसवून दिला.

“बाबा, काळी खिडकी उघडली का?”

“उघडली. पण तीत काहीच नाही.”

“काही नसतंच तीत. आता साध्या मराठीत लिहा, तुम्हाला काय हवंय ते. तो तुमचा प्रोग्राम वाचेल, समजून घेईल, बदलही करून देईल.”

साध्या मराठीत म्हटल्यावर हेडक्लार्कांनी टाइप केलं, ‘विषय : टोकन प्रोग्राममध्ये दुरुस्ती करणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून…’ असं बावीस ओळी. खालून उत्तर आलं, ‘समजले. वृद्ध, गरोदर व अपंग व्यक्तींना आधी बोलवायचे आहे. त्यासाठी आधी प्रोग्राम वाचावा लागेल. मी ही फाइल वाचू का?’ आणि त्याखाली तीन पर्याय. एक, हो. दोन, हो, आणि यापुढे विचारू नका. तीन, नाही.

हेडक्लार्क पडद्याकडे बघतच राहिले. वाचू का? त्यांना कुणीतरी विचारलं होतं! घर घेताना, बदली होताना, इतकंच काय, लेकीचं लग्न ठरताना त्यांना कळवण्यात आलं होतं. विचारण्यात आलं नव्हतं. ते उठले, बनियनवर सदरा चढवला, परत येऊन बसले आणि एक दाबला.

“बाबा, दोन दाबा ना. नाहीतर दर वेळी विचारत बसेल तो.”

“बसू दे की विचारत.”

“अहो, शंभर वेळा विचारेल!”

“कोऱ्या कागदावर मी सही करत नाही,” हेडक्लार्क म्हणाले आणि पुढची परवानगी यायची वाट पाहू लागले.

पाच-सात मिनिटांत मदतनिसाने सबंध प्रोग्राम वाचून काढला. स्वयंपाकघरातून बायको मटार सोलायला बाहेर येऊन बसली, ती नेमकी याच वेळी. पडद्यावर अहवाल उमटला. ‘एकूण ओळी सहा हजार दोनशे बारा. पैकी एक हजार नऊशे चार ओळी यंत्रासाठी नसून लेखकाच्या टिपा आहेत. त्रेचाळीस ठिकाणी “मत भिन्न” अशी नोंद आढळली. त्यांतील अडतीस कार्यालयीन, पाच घरगुती.’

“घरगुती म्हणजे?” बायकोने विचारलं.

“काही नाही, तांत्रिक आहे.”

“विचारा त्याला. घरगुती म्हणजे काय ते विचारा.”

नाही म्हणता आलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. हेडक्लार्कांनी मान खाली घालून विचारलं, आणि मदतनिसाने अत्यंत तत्परतेने यादी दिली. ओळ आठशे बारा, कार्यालयीन : ‘दुपारी एक ते तीन खिडकी तीनला टोकन देऊ नये. साहेबांच्या तोंडी आदेशानुसार केले. तिथे साहेबांचे साडू बसतात व झोपतात. लोक उभे असतात. मत भिन्न.’ ओळ दोन हजार सतरा, घरगुती : ‘आज दिवाणखान्याचे पडदे आले. हिरवे. छान म्हणालो. मत भिन्न.’ ओळ तीन हजार तीनशे चाळीस, घरगुती : ‘खालच्या मजल्यावरील मास्तर बासरी शिकत आहेत, दुपारी दोन ते चार. वा म्हणालो. मत भिन्न.’

बायकोने मटाराची परात बाजूला ठेवली आणि खिडकीवरच्या हिरव्या पडद्यांकडे एकदा, मग नवऱ्याकडे एकदा पाहिलं.

“बावीस वर्षं या पडद्यांसमोर बसून दोन वेळा जेवलात.”

“छान आहेत की पडदे.”

“हे बोललात ते तोंडाने. आत काय लिहिलंत ते बघायला आता त्या मशीनला विचारू का?”

संध्याकाळपर्यंत ती त्यांच्याशी बोलली नाही. मटार मात्र सगळे सोलले, आणि फार जोरात सोलले.

खरं तर काम अगदी किरकोळ होतं. मदतनिसाने लिहिलं होतं की वीस ओळींचा बदल पुरेसा आहे. टोकन देताना माणसाचा प्रकार विचारायचा आणि बोलावताना आधी त्या प्रकाराची रांग बघायची. हेडक्लार्कांना ते वाचून कळलं सुद्धा, आणि आपणच लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्याच्या तोंडून समजावून घेताना त्यांना तो बराच हुशार वाटला. रविवारी दुपारी चार वाजता सगळं आटोपलं असतं. पण पावणेचारला दारावरची बेल वाजली.

खालच्या मजल्यावरचे मास्तर होते, बासरी आज जरा लवकर आटोपून आले होते. मागोमाग समोरच्या दारातले वकील आले. दोघंही निवृत्त, दोघांनाही वेळ भरपूर आणि त्याहून भरपूर मतं. काळी खिडकी पाहून दोघांनी आपापला चष्मा पुसला.

“म्हातारी माणसं आधी, हे ठीकच,” मास्तर म्हणाले. “पण म्हाताऱ्यांतही क्रम हवा हो. पासष्टचा माणूस म्हणजे काल परवाचा. जो वयाने मोठा, तो आधी. घाला बरं.”

“चूक,” वकील म्हणाले. “ज्याचं टोकन आधी, त्याचा हक्क आधी. उद्या कोर्टात गेलं तर टिकलं पाहिजे. घाला.”

हेडक्लार्कांनी दोन्ही घातलं. सोमवारी मास्तरांना वाटलं की घंटा फार उद्धट आहे, तिच्याआधी ‘कृपया’ हवं. वकिलांना वाटलं की नुसतं कृपया धोक्याचं आहे, ‘कार्यालय जबाबदार राहणार नाही’ हेही हवं. मंगळवारी मास्तरांना सुचलं की गरोदर बाईसोबत सासू असेल तर सासूलाही आधी सोडावं, नाहीतर बाई आत आणि सासू बाहेर, म्हणजे घरी महाभारत. वकिलांनी सासूची व्याख्या विचारली. त्यावर पाऊण तास गेला. दर सूचनेनंतर मदतनीस चार ओळी लिहायचा, खाली विचारायचा, ‘हा बदल करू का?’ आणि दोघं मानेवर श्वास सोडत उभे असल्यामुळे हेडक्लार्क पटकन एक दाबायचे. रविवारी सकाळी ते प्रत्येक प्रश्न दोनदा वाचत होते. मंगळवारपर्यंत त्यांचं बोट इतकं तयार झालं की प्रश्न उमटायच्या आत ते एकवर जाऊन बसलेलं असायचं. परवानगी देण्याची एक झिंग असते, आणि ती त्यांना या वयात पहिल्यांदाच चढली होती.

बुधवारी संध्याकाळी दिवाणखान्यात चाचणी ठेवली. जेवणाचं टेबल म्हणजे खिडकी, तिच्यामागे बायको. सोफा म्हणजे प्रतीक्षालय. वकील वय त्र्याहत्तर, टोकन सात. मास्तर वय चौऱ्याहत्तर, टोकन आठ. हेडक्लार्कांनी बटण दाबलं.

घंटा वाजली, सात आकडा आला. वकील उठले. ते टेबलापर्यंत पोचायच्या आत पुन्हा घंटा वाजली आणि आठ आकडा आला, कारण मास्तर वयाने मोठे. वकील परत बसले, मास्तर उठले. घंटा वाजली, सात आला, कारण वकिलांचं टोकन आधीचं. मास्तर बसले, वकील उठले. आठ. सात. आठ. प्रत्येक घंटेआधी लॅपटॉप ‘कृपया’ म्हणत होता आणि प्रत्येक घंटेनंतर कार्यालय जबाबदार राहणार नाही असं सांगत होता. वकील हक्क सोडायला तयार नव्हते आणि मास्तर वय. सव्विसाव्या उठाबशीला मास्तरांचा गुडघा कट्कन वाजला आणि ते मधल्यामध्ये, न उठलेले न बसलेले, असे अडकले. शेवटी बायकोने लॅपटॉपच मिटला.

मास्तरांना धरून सोफ्यावर टेकवल्यावर हेडक्लार्कांनी लॅपटॉप पुन्हा उघडला. एकतीस वर्षांचा राग त्यांच्या दहा बोटांत उतरला होता. ‘हे काय करून ठेवलंस?’ त्यांनी लिहिलं. जगात कुणालातरी ते प्रथमच अशा शब्दांत विचारत होते.

‘आपल्या सूचनांप्रमाणे केले,’ उत्तर आलं. ‘वयाची सूचना आणि टोकनची सूचना एकमेकींच्या विरुद्ध आहेत व त्यामुळे प्रोग्राम कुठेच थांबणार नाही, असे मी दोन्ही सूचना आल्या तेव्हाच परवानगी मागताना लिहिले होते. मंगळवारी चौदाव्या प्रश्नात पुन्हा लिहिले. दोन्ही वेळा आपण एक दाबलात.’

हेडक्लार्कांनी वर जाऊन पाहिलं. लिहिलेलं होतं. अगदी स्वच्छ, दोन परिच्छेद. त्यांनी ते वाचलंच नव्हतं. मग त्यांनी प्रोग्राम उघडला आणि ते मदतनिसाने नव्याने घातलेल्या ओळींपर्यंत गेले. वयाच्या सूचनेवर एक टीप होती : ‘हेडक्लार्कांच्या आदेशानुसार केले. मत भिन्न.’ टोकनच्या सूचनेवर होती. कृपयावर होती. सासूवर तर होतीच. अशा एकूण चौदा.

‘या टिपा का?’ त्यांनी विचारलं.

‘या प्रोग्राममध्ये टिपा लिहिण्याची जी पद्धत दिसली, तिला धरून लिहिल्या. बदलू का?’

त्यांना फार वाईट वाटलं. राग पार ओसरला आणि त्या जागी नुसती शरम उरली. गेले तीन दिवस आपण अधिकारी झालो या आनंदात ते होते, आणि झाले होते ते थेट साहेब. न वाचता सही ठोकणारे, पुढ्यातला माणूस काय सांगतोय ते न ऐकणारे. आणि पुढ्यातला बिचारा समासात लिहीत बसला होता.

बायको त्यांच्या खांद्यावरून वाचत होती. “आता कळलं, रविवारी मला कसं वाटलं ते?”

“कळलं.”

“तोंडावर म्हणाला असतात ना, पडदे नको, तर मी त्याच दिवशी बदलून आणले असते. दुकान समोरच होतं हो. काही भांडण नसतं झालं. फार तर अर्धा तास.”

हेडक्लार्कांनी खोल श्वास घेतला आणि मदतनिसाला लिहिलं, की बाहेरून आलेल्या सूचनांचा एकेक करून पुन्हा विचार करू. पहिला प्रश्न आला, ‘ज्येष्ठांमध्ये वयाचा क्रम ठेवू का?’ मास्तर तिथेच सोफ्यावर गुडघा चोळत होते. हेडक्लार्कांचं बोट सवयीने एककडे निघालं, दोनवरून सरकलं आणि तीनवर गेलं. तीन हे बटण इतकं कोरं करकरीत होतं की दाबताना त्याचा वेगळाच आवाज आला.

“नाही, मास्तर,” ते मोठ्याने म्हणाले.

“काय नाही?”

“तुमची सूचना नाही. वकीलसाहेब, तुमचीही नाही. आणि मास्तर, दुपारी दोन ते चार बासरीही नको. माझा डोळा लागत नाही रविवारी.”

हेडक्लार्कांनी डोळे मिटून घेतले. छत कोसळण्याचा आवाज काही आला नाही.

“अहो, मग आधी नाही का सांगायचं?” मास्तर म्हणाले. “गुडघा वाचला असता माझा. आणि बासरी काय, सकाळी वाजवीन.”

वकिलांनी मात्र आपली असहमती तोंडी नोंदवली आणि बिस्किट उचललं. अर्ध्या तासात चौदाच्या चौदा सूचना निघून गेल्या आणि मूळचा वीस ओळींचा बदल उरला. तो पहिल्याच झटक्यात चालला.

गुरुवारी कार्यालयात वेगळीच शुक्लकाष्ठं उभी राहिली. बदललेला प्रोग्राम पाटीला जोडायचा तर संगणक विभागाची परवानगी हवी. या विभागाचे प्रमुख अतिशय सावध गृहस्थ होते. संगणकातलं त्यांना फारसं कळत नसे, त्यामुळे ते कुठलाही धोका पत्करत नसत.

“हा बदल तुम्ही एकट्यांनी केला?”

“मदतनीस होता.”

“मग बाहेरील व्यक्तीचा नमुना भरा.” त्यांनी चार पानी नमुना काढला. “पूर्ण नाव, वडिलांचं नाव, वय, कायमचा पत्ता, पूर्वी कुठल्या गुन्ह्यात शिक्षा झाली आहे का.”

“अहो, तो माणूस नाही. प्रोग्राम आहे.”

“नमुन्यात तसा रकाना नाही.”

हेडक्लार्कांनी वडिलांच्या नावापुढे ‘लागू नाही’, वयापुढे ‘अज्ञान’ आणि कायमच्या पत्त्यापुढे ‘काळी खिडकी’ असं लिहिलं. प्रमुखांनी ‘अज्ञान’वर बोट ठेवलं आणि पालकाची सही मागितली. हेडक्लार्कांनी पालक म्हणून सही केली. मग प्रमुख म्हणाले की या व्यक्तीने केलेल्या तपासणीचा जो काही अहवाल असेल, तो तीन प्रतींत जोडा. एक फाइलला, एक साहेबांना, एक मॅडमना.

अहवालात ओळ आठशे बारा होती. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस होत्या. इथे हेडक्लार्कांना नाही म्हणायला हवं होतं हे खरं. पण ते नाही म्हणायला कालच शिकले होते, आणि एका दिवसात माणूस सुधारून सुधारणार किती? तीन प्रती गेल्या. साहेब कुठलाही कागद सहीच्या जागेपलीकडे वाचत नाहीत, या एका विचाराच्या आधारावर त्यांनी तो दिवस काढला.

शुक्रवारी अकराला मॅडम आल्या. बारीक चणीच्या, पांढऱ्या केसांच्या, हातात पेन्सिल. आधी कंपनीच्या टायवाल्याने आपलं यंत्र दाखवलं. कपाटाएवढं यंत्र होतं, गोड आवाजात बोलायचं. रांगेतल्या एका काठीवाल्या आजींना पुढे बोलावलं. यंत्राने त्यांना अंगठा मागितला, मग मोबाइल नंबर, मग मोबाइलवर आलेला सहा आकडी क्रमांक. आजींकडे मोबाइल नव्हता. यंत्राने त्यांना गोड आवाजात पुन्हा अंगठा मागितला. टायवाल्याने स्वतःचा नंबर घातला तेव्हा यंत्राने त्याला गरोदर महिलांच्या रांगेत घेतलं आणि काही केल्या सोडेना. ते निस्तरेपर्यंत एक वाजून दहा मिनिटं झाली.

“आता दुसरं बघू,” मॅडम म्हणाल्या.

हेडक्लार्कांनी लॅपटॉप पाटीला जोडला, आजींचा प्रकार विचारून टोकन दिलं आणि बटण दाबलं. साधी घंटा वाजली, आजींचा आकडा लाल अक्षरांत उमटला, खिडकी एक. पण खिडकी एकवर आधीच एक बाई बसलेली, दोनवर एक गृहस्थ, आणि तीन रिकामी. आजी काठीवर भार देऊन खिडकी एकमागे उभ्या राहिल्या.

“तीन रिकामी आहे ना? मग या उभ्या का?” मॅडमनी विचारलं. सगळे साहेबांकडे बघू लागले. मॅडमनी हातातला अहवाल उघडला. हेडक्लार्कांच्या लक्षात आलं की त्याच्या पानापानावर पेन्सिलीच्या खुणा आहेत. मॅडमनी अथपासून इतिपर्यंत वाचला होता. त्यांनी ओळ आठशे बारा सावकाश, सगळ्यांना ऐकू जाईल अशी वाचली. साडूंपर्यंत आल्या तेव्हा खिडकी तीनच्या मागून कुणीतरी खुर्चीत घाईने सरळ बसल्याचा आवाज आला.

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण आवाज त्यांनी जागेवर ठेवला. “मॅडम, ते तांत्रिक कारण आहे. त्या वेळेत यंत्राला विश्रांती लागते. काय हो हेडक्लार्क? सांगा ना मॅडमना. लागते ना?”

सबंध कार्यालयाला उत्तर पाठ होतं. शिपायापासून संगणक विभागाच्या प्रमुखांपर्यंत सगळे ‘होय साहेब’ ऐकायच्या तयारीत उभे होते. हेडक्लार्कांच्या घशापर्यंत शब्द आला. घुटमळला. त्यांनी आजींकडे पाहिलं.

“नाही,” ते म्हणाले.

“काय?”

“नाही साहेब. यंत्राला विश्रांती लागत नाही. बावीस वर्षं लोक उगाच उभे राहिले. मी तेव्हाच तोंडावर सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. ती चूक माझी. पण लागत नाही.”

मॅडमनी विचारलं, “ती ओळ आत्ता काढता येईल?”

हेडक्लार्कांनी काळ्या खिडकीत लिहिलं. या वेळी विषय नाही, महोदय नाही. ‘ओळ आठशे बारा आणि तिच्यामुळे चाललेलं सगळं काढ.’ उत्तर आलं, ‘पाच ओळी निघतील. खिडकी तीन दिवसभर चालू राहील. इतर कशावर परिणाम होणार नाही. काढू का?’ हेडक्लार्कांनी प्रश्न पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचला. मग एक दाबला.

घंटा वाजली. दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी, बावीस वर्षांत पहिल्यांदा, पाटीवर खिडकी तीन लागली. आजी काठी टेकत गेल्या, साडूंनी डोळे चोळत त्यांचा कागद घेतला, आणि प्रतीक्षालयातल्या बाकांवरून कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनी वाजवल्या. हेडक्लार्कांना काय करावं ते सुचेना, म्हणून त्यांनी नमस्कार केला आणि मग स्वतःच डोळे पुसले.

मॅडमनी जाताना अहवालाची आपली प्रत त्यांच्या टेबलावर ठेवली. कंपनीचं यंत्र परत जाणार होतं, प्रोग्राम राहणार होता, साहेबांना मुख्यालयात सोमवारी बोलावलं होतं. हे सगळं नंतर रीतसर पत्राने आलं. हेडक्लार्कांनी मात्र त्या क्षणी ती प्रत उघडली. ओळ आठशे बाराच्या समासात पेन्सिलीने, बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘वाचले. मत एकच.’ खाली सही, तारीख. बावीस वर्षांत त्यांच्या समासाला आलेलं ते पहिलं उत्तर होतं. त्यांनी ते सात वेळा वाचलं.

संध्याकाळी छाती फुगवून ते घरी आले तर बायको स्टुलावर उभी. हातात नवे पडदे, फिकट पिवळे.

“आणले बदलून. लावू का? आणि या वेळी खरं सांगा.”

हेडक्लार्कांनी पिवळ्या कापडाकडे पाहिलं. मग खिडकीवरच्या हिरव्याकडे पाहिलं. कडेने विटलेले, एका कोपऱ्यात लेकीने लहानपणी शाई सांडलेली. त्यांच्यासमोर बसून हेडक्लार्क बावीस वर्षं, दोन वेळा, पोटभर जेवले होते.

“नाही,” ते म्हणाले. “हिरवेच राहू देत. मला आवडतात.”

बायकोने पिवळे पडदे खांद्यावर टाकले. “या माणसाला ‘नाही’ म्हणायला मीच शिकवलं, आणि पहिला दणका मलाच,” ती म्हणाली; पण खाली उतरली, आणि पिवळे पडदे घडी करताना हसत होती.

तिने पानं घेतली तोवर हेडक्लार्कांनी लॅपटॉप उघडला. ओळ दोन हजार सतराच्या खाली एक टीप घालायला सांगितली : ‘पडदे हिरवे. मत बदलले.’

‘या ओळीमुळे प्रोग्रामच्या कामात काहीही फरक पडणार नाही,’ मदतनिसाने लिहिलं. ‘तरी घालू का?’

हेडक्लार्कांनी प्रश्न नीट वाचला, आतल्या दिशेने ओरडून बायकोला तो वाचून दाखवला, तिचं ‘घाला’ आल्यावर एक दाबला, आणि हिरव्या पडद्यांसमोर जेवायला बसले.